केचिकनच्या थांब्यावरून फ्लोटप्लेनने अस्वलं पाहायला जाताना: कोणत्या क्रमाने काय ठरवायचं

मी सिएटलजवळ राहतो. उन्हाळ्यात भारतातून आई-वडील, सासू-सासरे आले की इथली बरीच मराठी घरं त्यांना अलास्काच्या क्रूझवर नेतात. वाटेतल्या केचिकन या बंदराच्या गावी जहाज सात-आठ तास थांबतं आणि तिथून फ्लोटप्लेनची सफर घ्यायची असते. चाकांऐवजी दोन लांब होड्यांसारखे फ्लोट असलेलं हे छोटं विमान पाण्यावरूनच उडतं आणि पाण्यावरच उतरतं. सफर महाग असते. माणशी काहीशे डॉलर जातात, आणि तरी दरवर्षी कुणी ना कुणी हिरमुसून परत येतं. अस्वल दिसलेलं नसतं, सफर रद्द झालेली असते, नाहीतर जहाज सुटेल या धास्तीत सगळा वेळ घड्याळाकडे बघण्यात गेलेला असतो.

यातल्या बहुतेक चुका बुकिंगच्या दिवशीच होतात, कारण आपण सुरुवात विमानापासून करतो. सुरुवात करायची ती काय पाहायचं आहे इथून. त्यानंतर महिना, मग वेळेचं गणित, आणि विमान सगळ्यांत शेवटी.

१. अस्वल हवं की फियॉर्ड, हे आधी ठरवा

माहितीपत्रकात दोन्ही सफरींवर ‘वन्यजीव’ हा शब्द असतो, पण दोन्ही अगदी वेगळ्या आहेत.

पहिली सफर मिस्टी फियॉर्ड्सची. केचिकनच्या पूर्वेला हिमनद्यांनी कोरलेल्या खोल, अरुंद खाड्या आहेत आणि दोन्ही बाजूंना पाण्यातून सरळ वर गेलेले ग्रॅनाइटचे कडे. काही कडे तीन हजार फुटांपर्यंत जातात. विमान त्यांच्यामधून उडतं, एखाद्या तळ्यात किंवा खाडीत उतरतं, दहा-पंधरा मिनिटं फ्लोटवर उभं राहता येतं आणि मग परत. सगळं मिळून साधारण दोन तास. वरून कड्यावरच्या रानशेळ्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसू शकतात, खडकावर पहुडलेले सील दिसू शकतात. अस्वल दिसलंच तर तोही एक ठिपकाच. या सफरीला डोंगर-पाण्यासाठी जावं. प्राणी दिसले तर आनंद मानावा.

दुसरी सफर खास अस्वलांची. यात विमान हे फक्त जाण्या-येण्याचं साधन असतं. वीस-तीस मिनिटं उडून ते नीट्स बे किंवा ट्रेटर्स कोव्हसारख्या ठिकाणी उतरतं. पुढे वाटाड्याबरोबर जंगलातून ओढ्यापर्यंत चालायचं आणि मचाणावरून किंवा ठरलेल्या जागेवरून सामन मासे पकडणारी काळी अस्वलं पाहायची. यात साडेतीन तास धरा. रँगल या गावाजवळची अनान क्रीक ही जागाही केचिकनहून विमानाने गाठता येते. तिथे काळी आणि तपकिरी, दोन्ही जातींची अस्वलं एकाच ओढ्यावर येतात, पण अंतर जास्त असल्याने वेळही जास्त लागतो.

तुमचं जहाज अलास्कातल्याच जुनो या बंदरालाही बराच वेळ थांबत असेल, तर अॅडमिरल्टी बेटावरचा पॅक क्रीक लक्षात ठेवा. त्या बेटावर फक्त तपकिरी अस्वलं आहेत. पण या सफरीत जवळजवळ अख्खा दिवस जातो. पाच-सहा तासांच्या थांब्यात ती बसवू नका.

*थांबा आणि तपासा:* घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. वडिलांना डोंगर पाहायचे असतात, मुलांना अस्वल, आणि बुकिंग करणाऱ्याच्या मनात तिसरंच काहीतरी असतं. पैसे भरण्यापूर्वीच हे उघड झालेलं बरं.

२. महिना बघा

अस्वलं ओढ्यावर येतात ती सामनसाठी. समुद्रातला सामन अंडी घालायला ओढ्यात चढला नाही, तर अस्वलाला तिथे यायचं कारणच नाही. केचिकनच्या परिसरात हा हंगाम जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत चांगला असतो आणि ऑगस्ट सगळ्यांत भरवशाचा. क्रूझ मात्र एप्रिल-मेपासूनच सुरू होतात आणि मे महिन्यात तिकिटं स्वस्त असतात. इथेच बरेच जण चुकतात. मे किंवा जूनमध्ये जाणार असाल तर अस्वलांच्या सफरीवर पैसे घालू नका, मिस्टी फियॉर्ड्सला जा. तेव्हा शिखरांवर बर्फ असतं, धबधबे भरून वाहत असतात.

अनानला ५ जुलै ते २५ ऑगस्ट आणि पॅक क्रीकला १ जून ते १० सप्टेंबर परवाना लागतो. दिवसाला किती माणसं जाऊ द्यायची तेही ठरलेलं असतं. ऐन हंगामात पॅक क्रीकला दिवसाला फक्त २४ जण जाऊ शकतात. सहसा सफर नेणारी कंपनीच परवान्याची सोय करते, पण ‘परवाना तुमच्याकडे आहे ना?’ हा प्रश्न बुकिंगच्या आधी विचारा. या जागा महिनोन्‌महिने आधी भरतात.

३. वेळेचं गणित उलटं मांडा

हा टप्पा घाईत करू नका. कागद-पेन घ्या.

आधी घड्याळाचा घोळ समजून घ्या. अलास्काची वेळ सिएटल-व्हँकुव्हरपेक्षा एक तास मागे आहे. काही जहाजं केचिकनला स्थानिक वेळ लावतात, काही सिएटलचीच वेळ चालू ठेवतात. तुमचा मोबाइल मात्र किनाऱ्यावरचं नेटवर्क मिळताच स्वतःहून अलास्काच्या वेळेवर जातो. म्हणजे जहाजाच्या घड्याळात अडीच वाजलेले असतात, तेव्हा तुमच्या खिशातल्या फोनमध्ये दीडच वाजलेला असतो. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा असंच झालं. फोन बघून एक तास हाताशी आहे असं समजून दुकानात रेंगाळलो आणि शेवटी आईला घेऊन धक्क्यावरून जवळजवळ पळत सुटलो. तिचा चेहरा मला अजून आठवतो. त्यानंतर मी साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवतो.

आता एक उदाहरण. जहाजाच्या कागदावर थांबा सकाळी ७ ते दुपारी ३ असा आहे आणि जहाज सिएटलच्या वेळेवर चालतं, असं धरा.

सगळ्यांनी परत चढायची वेळ सुटण्याच्या अर्धा तास आधी, म्हणजे २:३०. स्थानिक वेळेत हे झाले १:३०. सफर तुम्ही बाहेरून, म्हणजे जहाजाकडून न घेता थेट कंपनीकडून घेतली असेल तर त्याच्या आधी दोन तास मोकळे ठेवा. म्हणजे ११:३० ला गावातल्या धक्क्यावर परत यायला हवं. अस्वलांची सफर साडेतीन तासांची, म्हणजे ती स्थानिक ८ वाजता सुरू झालीच पाहिजे. मिस्टी फियॉर्ड्सची दोन तासांची सफर ९:३० पर्यंत सुरू झाली तरी चालेल.

यात अजून एक गोष्ट धरायची राहिली. जहाज गावातच लागतं की वॉर्ड कोव्हला? वॉर्ड कोव्हचा धक्का गावाच्या उत्तरेला सुमारे सात मैलांवर आहे. तिथून बसने यावं लागतं आणि बसच्या रांगेत वेळ जातो. जाता-येता प्रत्येकी पाऊण तास धरा. मग वरच्या उदाहरणातली आठची सफर सव्वासातला सुरू व्हायला हवी, आणि ते जवळपास अशक्य आहे. अशा दिवशी अस्वलांची सफर बाहेरून घेऊच नका.

*धोका:* दोन तासांची मोकळीक जास्त वाटते म्हणून लोक ती तासावर आणतात. धुक्यामुळे विमानाला उशिरा निघावं लागलं, तर तो तास एका फटक्यात संपतो.

४. जहाजाकडून घ्यायची की थेट?

थेट घेतलेली सफर बहुधा स्वस्त पडते आणि गटही लहान असतो. जहाजाकडून घेतलेल्या सफरीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढच्या बंदरावर पोचवायची सोय करतं. बाहेरून घेतलेल्या सफरीसाठी थांबायला ते बांधील नाही.

भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांसाठी हा फरक फार मोठा आहे. सिएटलहून सुटून सिएटललाच परतणाऱ्या क्रूझला वाटेत कॅनडातल्या एका बंदरात थांबावं लागतं. ते बहुतेक वेळा व्हिक्टोरिया असतं, आणि कित्येक मार्गांवर केचिकन हा त्याआधीचा शेवटचा थांबा असतो. केचिकनला जहाज चुकलं तर ते गाठायला विमानाने कॅनडात जायचं. त्यासाठी कॅनडाचा व्हिसा हवा आणि हातात पासपोर्ट हवा. पासपोर्ट मात्र अनेकदा केबिनच्या तिजोरीत असतो. शिवाय केचिकनचा विमानतळ गावात नाही. तो समोरच्या ग्रॅव्हिना बेटावर आहे आणि तिथे फेरीबोटीने जावं लागतं.

म्हणून माझं स्पष्ट मत असं: बरोबर वयस्कर आई-वडील असतील आणि तेही भारतीय पासपोर्टवर, तर चार पैसे जास्त गेले तरी सफर जहाजाकडूनच घ्या. थेट घेणारच असाल तर पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ बाळगा आणि जहाजाच्या रोजच्या पत्रकावर छापलेल्या बंदर-प्रतिनिधीच्या नंबराचा फोटो काढून ठेवा.

थेट घेताना हे विचारून लेखी उत्तर घ्या: सांगितलेली वेळ स्थानिक आहे की जहाजाची? हवामानामुळे रद्द झाली तर पूर्ण पैसे परत मिळतात का? कमीत कमी किती प्रवासी लागतात? धक्क्यावरून न्यायला गाडी येते का? लहान मुलांना वयाची अट आहे का?

वेळ निवडायला मिळत असेल तर सकाळची दुसरी फेरी घ्या. पहिल्या फेरीच्या वेळी ढग खाली असू शकतात. शेवटची फेरी रद्द झाली तर पुढे सरकायला जागाच उरत नाही.

५. वजन खरं सांगा

या सफरींवर बहुतेकदा डी हॅविलँड बीव्हर हे विमान असतं. एक इंजिन, पायलट आणि साधारण सहा प्रवासी. इतक्या लहान विमानात कोण कुठे बसणार हे वजनावर ठरतं. दहा-बारा किलो इकडेतिकडे झाले तरी पायलटला नव्याने हिशेब करावा लागतो.

दोन चुका नेहमी होतात. पहिली, संकोचापोटी वजन कमी सांगणं. निघताना काट्यावर उभं करतात, तेव्हा खरा आकडा दिसतोच आणि सगळ्यांचा खोळंबा होतो. दुसरी चूक भोळी असते. अर्जात वजन पौंडांत विचारलेलं असतं आणि आपण किलोत लिहितो. ७८ किलोचा माणूस ७८ लिहितो, पण त्याचं वजन १७२ पौंड असतं. किलोला २.२ ने गुणा आणि त्यात कपडे, बूट, कॅमेरा यांचे चार-पाच पौंड मिळवा. काही कंपन्या ठराविक वजनाच्या वर जादा पैसे घेतात. ही मर्यादा अनेक ठिकाणी २५० पौंडांच्या आसपास असते. बुकिंगच्या वेळीच विचारा.

पायलट नवरा-बायकोला वेगवेगळ्या रांगांत बसवू शकतो. त्यावर वाद घालू नका. खिडकी जवळजवळ प्रत्येकालाच मिळते.

६. कपडे आणि खाऊ

केचिकनला वर्षाला साडेतीन मीटरहून जास्त पाऊस पडतो. आकडा कोकणातलाच, पण इथे तो बारा महिन्यांत पसरलेला असतो. त्यामुळे ऑगस्टमध्येही भिजायची तयारी हवी. आतून सुती नको, कारण सुती कपडा भिजला की गारठवतो. लोकरी किंवा सिंथेटिक बनियन, वर स्वेटर किंवा फ्लीस, त्यावर टोपीचं रेनकोट-जाकीट. पायात न घसरणारे बूट. छत्री नेऊ नका. विमानात ती अडचण होते, आणि ओढ्याकाठी हात मोकळे हवेत.

आईला साडीची सवय असेल तर त्या दिवसापुरती पँट किंवा सलवार घालायला आधीच राजी करा. फ्लोटवरून विमानात चढायची शिडी अरुंद आणि उभी असते, आणि साडीचा घोळ त्यात अडकतो.

खाऊचं आधीच सांगून ठेवतो, कारण हे आपल्याला जड जातं. अस्वलांच्या सफरीला दशम्या, चिवडा, लाडू, चॉकलेट, च्युइंगगम काही न्यायचं नाही. जाकिटाच्या खिशात विसरलेली बडीशेपसुद्धा काढून ठेवा. अस्वलाचं नाक फार तीव्र असतं. माणसांकडे खाणं मिळतं हे अस्वलाला एकदा कळलं की ते माणसांच्या जवळ येऊ लागतं आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं. पोटभर नाश्ता करून निघा. मधुमेहामुळे बरोबर काही ठेवणं गरजेचं असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, म्हणजे ते कुठे ठेवायचं हे वाटाड्या ठरवेल. औषधं मात्र अंगावर असू द्या.

७. निघायच्या दिवशी सकाळी

१. विमान लागत असेल तर गोळी उड्डाणाच्या तासभर आधी घ्या. विमानात बसल्यावर घेतलेली गोळी वेळेत काम करत नाही. आपल्याकडच्या अ‍ॅव्होमिनने झोप येते, म्हणून ती आदल्या कुठल्या तरी दिवशी घेऊन पाहा. रक्तदाबाची किंवा इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

२. धक्क्यावर पोचताच स्वच्छतागृहात जाऊन या. विमानात ती सोय नसते आणि ओढ्यापाशी असेलच असं नाही.

३. भरती-ओहोटी बघा. इथे पाण्याची पातळी पंधरा फुटांहून जास्त वर-खाली होऊ शकते. ओहोटीला तरंगत्या धक्क्याकडे जाणारा रॅम्प चांगलाच उतरता होतो. गुडघे दुखणाऱ्यांनी कठडा धरून, सावकाश उतरावं.

४. सफर रद्द झाल्याचं सांगितलं तर मान्य करा. ही विमानं डोळ्यांना दिसेल तेवढ्यावरच उडवतात. ढग कड्यांवर टेकले की खाडीत वळायलाही जागा राहत नाही. २५ जून २०१५ ला मिस्टी फियॉर्ड्सहून केचिकनला परतणारं सफरीचं विमान डोंगरावर आदळलं आणि आतली नऊही माणसं गेली. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात पायलटने खराब हवेत उड्डाण चालू ठेवल्याचं दिसलं, आणि त्यामागे कंपनीतलं तसं वातावरण आणि धंद्याच्या स्पर्धेचा दबाव होता. ‘एवढ्या लांबून आलोय, बघा ना काही होतं का’ असं आपण सहज बोलून जातो. त्या धक्क्यावर हे वाक्य उच्चारू नका.

८. विमानात चढताना

*धोका:* इंजिनाच्या पंख्याकडे (प्रोपेलरकडे) जायचं नाही. पंखा थांबलेला असला तरी नाही. विमानाच्या पंखाला आधार देणारा तिरका दांडा असतो, त्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. लहान मुलाचा हात धक्क्यावर पाय ठेवल्यापासून विमानात बसेपर्यंत सोडू नका.

फ्लोट ओला आणि घसरडा असतो. फोन खिशात, चेन बंद, दोन्ही हात मोकळे. पायलट दाखवेल त्याच पायरीवर पाय ठेवा.

जीवरक्षक जाकीट बहुधा कमरेला बांधायच्या पाकिटात असतं. ते विमानात कधीही फुगवायचं नाही. फुगलेलं जाकीट घालून दारातून बाहेर पडता येत नाही. बसल्या बसल्या तीन गोष्टी हाताने चाचपून घ्या: पट्ट्याचा खटका, जवळच्या दाराची मूठ आणि ती कुठल्या दिशेला फिरते ते. पाण्यात विमान उलटलं तर आधी एका हाताने दार किंवा चौकट पक्की धरायची, मग पट्टा सोडायचा, बाहेर पडायचं आणि बाहेर आल्यावरच जाकीट फुगवायचं. हा क्रम आई-वडिलांना मराठीत समजावून सांगा. पायलट इंग्रजीत भरभर सांगतो, आणि ते मान डोलावतात म्हणजे त्यांना समजलंच असं नाही.

९. हवेत

इंजिनाचा आवाज मोठा असतो. हेडफोन देतात, ते शेवटपर्यंत काढू नका. चढताना-उतरताना कानाला दडे बसले तर आवंढा गिळा.

फोटोसाठी गडद रंगाचे कपडे घाला, म्हणजे खिडकीत तुमचंच प्रतिबिंब कमी दिसेल. कॅमेरा खिडकीजवळ धरा, पण काचेला टेकवू नका, कंपनांनी फोटो हलतो. लेन्सवर चमक कमी करणारा पोलरायझर फिल्टर असेल तर तो काढून ठेवा, या प्लास्टिकच्या खिडक्यांवर त्याने रंगीत पट्टे उमटतात. शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवा. जाताना फोटो काढले असतील तर येताना कॅमेरा बंद करून नुसतं बघा.

१०. ओढ्याकाठी

वाटाड्या सांगेल तसंच वागायचं. त्यातल्या चार गोष्टी घरातूनच मनात पक्क्या करून जा.

चालताना गट तुटू द्यायचा नाही आणि मागे रेंगाळायचं नाही. आपापसात साध्या आवाजात बोलत राहायचं, म्हणजे वाटेतल्या अस्वलाला आपली चाहूल लागते आणि ते दचकत नाही. अस्वल समोर आलं तर पळायचं नाही. पळणाऱ्याच्या मागे धावणं हा त्याचा स्वभाव आहे आणि तुम्ही त्याच्याहून वेगाने धावू शकत नाही. जागच्या जागी थांबायचं, एकमेकांजवळ यायचं आणि वाटाड्याकडे बघायचं. मुलांना खांद्यावर घेऊन ‘बघ बघ’ म्हणत ओरडायचं नाही.

मचाणावर पोचलं की पहिली दहा मिनिटं फोन काढू नका. ओढा आधी रिकामा वाटतो. पाण्यातली काळपट हालचाल म्हणजे माशांची दाटी आहे, हे कळायला वेळ लागतो. मग झाडीतून एखादं अस्वल सावकाश खाली येतं, मासा पकडतं आणि तो घेऊन पुन्हा झाडीत जातं. माशांची आवक खूप असेल तर कधीकधी ते नुसती अंडी आणि डोकं खाऊन बाकीचं टाकून देतं. ते राहिलेलं गरुड आणि कावळे उचलतात. माझ्या वडिलांनी कॅमेरा नेला नव्हता. परतल्यावर त्या ओढ्याचं सगळ्यांत तपशीलवार वर्णन त्यांनीच सांगितलं.

११. परत आल्यावर किंवा सफर रद्द झाल्यावर

परतल्यावर आधी मनगटावरच्या घड्याळात जहाजाची वेळ बघा, नंतर दुकानं. वॉर्ड कोव्हची बस असेल तर तासभर हाताशी असतानाच रांगेत उभे राहा.

सफर रद्द झाली तर पैसे परत मिळण्याची पावती किंवा ईमेल तिथेच मागा. जहाजाकडून घेतली असेल तर ती रक्कम सहसा जहाजावरच्या खात्यात जमा होते. संध्याकाळी खात्याचा हिशेब काढून खात्री करा. मग हातातल्या वेळात गावातल्या क्रीक स्ट्रीटच्या लाकडी पुलावर जा. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या केचिकन क्रीकमध्ये सामन चढताना दिसतात, कठड्याला टेकून कितीही वेळ बघता येतात, आणि धक्क्यापासून तिथे चालत दहा-पंधरा मिनिटं लागतात.